गोधडी हें इतिहासाचें साधन
(पोहरादेवी व बंजारा तांडे यांच्या संदर्भानें)

(१)

१८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील संशोधकांची दृष्टि मुख्यतः कागदावर खिळलेली आहे. सनदा, महजर, रोजकीर्दी, खाजगी पत्रें आणि त्यांच्या जोडीस ताम्रपट, शिलालेख व नाणीं, इतक्या साधनांवर आपला इतिहास उभा राहिला. हें योग्यच झालें. परंतु ज्यांच्या घरीं दप्तर असण्याचा संभवच नव्हता, त्यांचा इतिहास कशावरून लिहावयाचा, हा प्रश्न या परिश्रमांत बराचसा मागें पडला. प्रस्तुत लेखांत अशाच एका समाजाच्या संबंधानें, आणि अगदीं घरगुती अशा एका वस्तूच्या साह्यानें, या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो समाज म्हणजे बंजारा ऊर्फ लमाण. ती वस्तु म्हणजे गोधडी.

वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें क्षेत्र आहे. येथें जगदंबेचें देऊळ व संत सेवालाल महाराजांची समाधि असून रामनवमीस मोठी यात्रा भरते. संप्रदायांत महाराजांचा जन्म १७३९ सालचा व निर्वाण १८०६ सालचें मानितात. कर्नाटक, तेलंगण, आंध्र व महाराष्ट्र येथील तांडे या एका ठिकाणीं एकत्र होतात. गांव लहान, पण त्याचा पसारा अनेक प्रांतांवर पडलेला. म्हणून दख्खनच्या बंजाऱ्यांविषयीं कोणतीही चौकशी आरंभावयाची, तर ती पोहरादेवीपासून आरंभणें सोयीचें होय.

(२)

आतां या समाजाविषयीं लिहिलेलें असें काय उपलब्ध आहे तें पाहूं. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें १६३२ सालीं वाटेंत भेटलेल्या एका तांड्याचें वर्णन केलें आहे; त्यांत धान्यानें लादलेले १४,००० बैल होते असें तो लिहितो. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें दहा दहा, बारा बारा हजार बैलांचे तांडे पाहिले, व ज्वारी-गहूं, तांदूळ, डाळी आणि मीठ यांची वाहतूक चार निरनिराळे वर्ग करीत असें नमूद केलें. शहाजहानच्या काळीं असफखानाच्या दख्खनच्या स्वारीबरोबर भंगी व जंगी या नाईकांचे १,८०,००० बैल होते, अशी समाजांत परंपरागत कथा आहे. १८०३ सालच्या मराठ्यांवरील मोहिमेंत वेलस्लीच्या फौजेस धान्य पुरविण्याच्या कामींही बंजारे होते. जॉन ब्रिग्ज याचा यांच्यावरील निबंध मुंबईच्या वाङ्मय मंडळाच्या १८१९ सालच्या ग्रंथांत छापलेला आहे. वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज या अधिकाऱ्यानें या लोकांवर एक स्वतंत्र टिपण लिहिलें, व पुढें १९१६ सालीं रसेल आणि हिरालाल यांनीं आपल्या जातिवर्णनाच्या ग्रंथांत त्याचाच मुख्य आधार घेतला.

ही यादी वाचतांना एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. लिहिणारा प्रत्येकजण बाहेरचा आहे. कोणी धान्याचा गिऱ्हाईक, कोणी लष्करी अधिकारी, कोणी पोलीस. ज्यास जें हवें तें त्यानें मोजलें. गिऱ्हाइकानें बैल मोजले आणि पोलिसानें गुन्हे मोजले. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली आणि बैलांच्या पाठीवरील व्यापार हळूहळू बसला. तांडे जागोजाग स्थिरावले. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची छाया पुढें या लोकांवरही पडली. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, आणि महाराष्ट्रांत या समाजाची गणना विमुक्त जातींत होऊं लागली. या सर्व लिखाणांत स्त्रिया येतात त्या केवळ दागिन्यांच्या व पेहरावाच्या वर्णनापुरत्या. तांड्याच्या वंशावळी व पराक्रम यांची आठवण ढाडी लोकांनीं मुखोद्गत राखिली, भजनांनीं सेवालाल महाराजांचें चरित्र राखिलें. परंतु बायकांनीं स्वतःच्या हातानें जें मागें ठेविलें तें सुई-दोऱ्याचें काम होय. तेंच त्यांचें दप्तर, असें आमचें म्हणणें आहे. मात्र तें वाचण्याची रीत अद्याप आपण बसविलेली नाहीं.

(३)

तुकडे जोडून वस्त्र सिद्ध करण्याची कला या समाजाच्या पेहरावांतच दिसते. बंजारा स्त्रीचा फेटिया, म्हणजे घागरा, हा एकाच कापडाचा नसतो. कमरेचा भरतकामाचा पट्टा तो लेपो, मधला घेर निराळा, आणि खालची किनार ती लावण. हे भाग वेगवेगळे तयार होऊन मग एकत्र येतात. कांचळीवर चौकोनी व त्रिकोणी तुकडे, आरसे, कवड्या आणि नाणीं बसवितात. डोईवरून घ्यावयाच्या वस्त्रास टुकरी म्हणतात. हा शब्दच तुकड्याशीं आपलें नातें सांगतो असें दिसतें.

याचें कारण काय असावें? आमचें अनुमान असें. ज्याचें घर रोज हालतें त्याला मागाइतकें किंवा मोठ्या चौकटीइतकें साहित्य बाळगतां येत नाहीं. वीतभर तुकडा मात्र मुक्कामावर, झाडाखालीं, मांडीवर घेऊन पुरा करितां येतो, आणि तांडा उठला म्हणजे कोथळींत टाकून नेतां येतो. असे तुकडे वर्ष दोन वर्षें जमत राहिले, म्हणजे एखाद्या लांब मुक्कामांत त्यांचें एक मोठें वस्त्र होतें. शिवाय ज्या हातांना बैलांच्या पाठीवरच्या जाड दुहेरी गोण्या शिवण्याची व सांधण्याची संवय, त्यांना अनेक थर एकत्र टांचणें अवघड नव्हे. तांड्याच्या पुढें चालणाऱ्या, बालाजीस वाहिलेल्या बैलाचें वर्णन रसेलनें दिलें आहे. त्याच्यावर ओझें कधीं लादीत नसत. उलट तांबड्या रेशमी पट्ट्या, घंटा, कवड्यांच्या माळा व गोंडे यांनीं त्यास शृंगारीत. तेव्हां तुकडा, कवडी आणि गोंडा हें त्रिकूट माणसांपुरतें नव्हतें. तें साऱ्या तांड्याचें लेणें होतें.

(४)

आतां मोठी गोधडी घरीं कशी होते तें सविस्तर सांगितलें पाहिजे. कारण वस्तु कशी बनते हें ठाऊक असल्याशिवाय ती काय सांगते हें कळत नाहीं. पुढील रीत वऱ्हाडांतील गांव व तांडा या दोन्ही ठिकाणीं थोड्याफार फरकानें एकच आहे.

गोधडीचें काम बहुधा उन्हाळ्यांत निघतें. शेतांत काम नसतें, धुतलेलें कापड तत्काळ वाळतें, आणि पावसाळ्यापूर्वीं अंथरूण-पांघरूण तयार असावें लागतें. प्रथम वर्षानुवर्षें गांठोड्यांत साठविलेलीं जुनीं लुगडीं, धोतरें, परकर व सदरे बाहेर निघतात. शिवणी उसवून, कापड धुवून, विरलेला भाग निराळा काढितात. नऊ वार लांब व सव्वा वार रुंद अशा लुगड्याचें क्षेत्र सव्वाअकरा चौरस वार होतें. अडीच वार लांब आणि दोन वार रुंद अशा गोधडीस एका थराला पांच चौरस वार कापड लागतें. म्हणजे हिशेबानें एका लुगड्यांत दोन थर निघावयास हवे. पण नेसून विरलेला भाग वजा जातां प्रत्यक्षांत दीडच निघतो. पांच थरांची गोधडी म्हणजे तीन-चार लुगडीं. अर्थात् एका गोधडींत एका बाईच्या आयुष्याचीं कांहीं वर्षें अक्षरशः घातलेलीं असतात.

सारविलेल्या जमिनीवर खालचा थर पसरून, चारी कोंपऱ्यांवर दगड ठेवून तो ताणितात. त्यावर मधले थर येतात. येथें फाटकें, विटलेलें, कसेंही कापड चालतें. पुष्कळदां जुनी, झिजलेली गोधडीच मधला थर म्हणून घालितात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन आहे. सर्वांत वर दर्शनी थर. तो साधा असेल तर एक अखंड लुगडें पुरतें. परंतु गोधडी लग्नाची किंवा पाहुण्यांची असेल, तर हा थर तुकड्यांचा करितात, आणि खरें कौशल्य येथेंच लागतें. तुकड्यांचे चौकोन कापून, कडा आंत दुमडून, मध्यापासून रांगांनीं मांडणी करितात. चौकोनांत चौकोन, कडेला त्रिकोणांची ओळ, व लुगड्याच्या काठांची चौकट. रंगाचा तोल डोळ्यांनींच साधावयाचा असतो. नमुना कागदावर काढलेला नसतो. एका बाजूस तांबडा तुकडा पडला कीं दुसऱ्या बाजूस त्याचा जोडीदार शोधावा लागतो, आणि तो गांठोड्यांत नसेल तर शेजारणीकडे मागावा लागतो.

मांडणी झाली म्हणजे वीत वीत अंतरावर कच्चे टांके घालून थर बांधून टाकितात, नाहींतर शिवतांना ते सरकतात व मध्यें फुगा येतो. मग धावदोरा. तीन-चार बायका चारी बाजूंस बसून कडेनें शिवण धरितात आणि ओळीमागून ओळ घालीत मध्याकडे येतात. हें काम किती, याचा अंदाज अंकांनींच येईल. ९० इंच लांब व ७२ इंच रुंद गोधडीवर अर्ध्या अर्ध्या इंचानें ओळी घातल्या तर १४४ ओळी होतात; त्यांची एकूण लांबी १२,९६० इंच, म्हणजे ३६० वार. इंचास चार टांके धरिले तर ५१,८४० टांके. कडेकडेनें फिरत मध्यापर्यंत गेलें तरी लांबी जवळजवळ तेवढीच भरते. घरचें काम, मुलेंबाळें, पाणी सांभाळून दुपारच्या वेळीं हें करावयाचें म्हटलें, तर एका गोधडीस महिनाही पुरत नाहीं यांत नवल नाहीं.

(५)

या वस्तूचा काळ कसा ठरवावा? नाण्यांचा ठेवा सांपडला असतां आपण एक नियम लावितों. ठेव्यांतील सर्वांत अलीकडचें नाणें ज्या सालचें, त्या सालापूर्वीं तो ठेवा पुरलेला असूं शकत नाहीं. गोधडीसही हाच नियम लागू आहे. तींतील सर्वांत नवा तुकडा हा तिच्या काळाची अलीकडची खूण. सर्वांत जुना तुकडा कितीही जुना असला तरी त्यावरून गोधडी जुनी ठरत नाहीं.

तुकड्यांचा काळ ओळखण्याच्या कांहीं खुणा निश्चित आहेत. वऱ्हाड-नागपूरकडे तांबडा रंग पूर्वीं आल या झाडाच्या मुळीपासून काढीत व त्यांत खारवा रंगवीत. १८६८ सालीं जर्मनींत कृत्रिम अलिझारीन तयार झालें आणि पुढील कांहीं दशकांत त्यानें आलेची लागवडच बसविली. डोळ्यांस दोन्ही तांबडेच; परंतु आलेंतील रंगद्रव्य रसायनदृष्ट्या निराळें असल्यामुळें प्रयोगशाळेंत सुताच्या लहानशा धाग्यावरून भेद कळूं शकतो. कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली. नागपूरची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. सारख्या पिळाचें, सारख्या विणीचें गिरणीचें सूत आणि हातचें खडबडीत सूत यांतील अंतर भिंगाखालीं स्पष्ट दिसतें. तुकड्यावर शिवणयंत्राची जुनी शिवण राहिली असेल, तर तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वींचा नव्हे. टेरिलीनसारखें कृत्रिम कापड आढळलें, तर गोधडी १९६० नंतरची धरण्यास हरकत नाहीं. आणि वस्त्रावर नाणें शिवलेलें असेल, तर तें आपलें साल स्वतःच सांगतें.

तथापि या नियमास दोन मर्यादा आहेत. पहिली ठिगळाची. गोधडी फाटल्यावर मागाहून लाविलेलें ठिगळ हें दुरुस्तीचा काळ सांगतें, घडणीचा नव्हे. दोहोंतील भेद ओळखणें मात्र कठीण नाहीं. धावदोऱ्याची ओळ तुकड्यांतून आरपार खालच्या थरापर्यंत गेली असेल तर तो तुकडा मूळचा. ओळ तुकड्याखालीं झांकली गेली असेल तर तो मागाहूनचा. दुसरी मर्यादा तुकड्याच्या मालकीची. शेजारणीकडून मागितलेलें कापड, शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या कपड्यांवर भांडीं देणारीकडून परत मिळविलेला एखादा चांगला तुकडा, हें सर्व एकाच गोधडींत येतें. सबब गोधडींत एखादें भारी कापड दिसलें म्हणून तें घर श्रीमंत होतें, असें अनुमान काढूं नये. येथें घरच्या माणसाची साक्षच घेतली पाहिजे.

आतां वर ज्या गोष्टीकडे लक्ष वेधिलें होतें तिच्याकडे वळूं. जुनी गोधडी नवीच्या पोटांत जाते. कागदाचें दप्तर वाळवी खाते. हें दप्तर स्वतःच स्वतःस गिळतें. आजीचें काम आईच्या कामाखालीं झांकलें जातें, आणि दोन पिढ्यांनंतर वरचें विरलें म्हणजे सगळेंच पोतेरें होतें. शिवाय मेलेल्या माणसाचें अंथरूण घरांत न ठेवतां देऊन टाकण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. त्यामुळें शंभर वर्षांची अखंड गोधडी क्वचितच हातीं लागावी हें स्वाभाविक होय. जुन्या गोधड्या मिळत नाहींत, याचा अर्थ जुन्या काळीं त्या होत नसत, असा कोणी करूं नये.

(६)

चिंधीस इतका मान द्यावा काय, अशी शंका कोणी घेईल. त्यास उत्तर जुनेंच आहे. बौद्ध भिक्षूंचीं चीवरें तुकडे जोडून करीत, आणि मगधांतील बांध घातलेल्या शेतांकडे पाहून बुद्धानें तो नमुना आनंदास सुचविला, अशी विनयपिटकांत कथा आहे. नाथपंथीयांची कंथा प्रसिद्धच आहे. आणि वऱ्हाडांतच, चिंध्यांचें वस्त्र पांघरणाऱ्या गाडगेबाबांस (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत. आपल्या परंपरेनें गोधडीस वैराग्याची खूण म्हणून मानिलें. पण ती शिवणाऱ्या हातांची नोंद कोणी ठेविली नाहीं.

कर्नाटकाच्या कारवार भागांतील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही या बाबतींत आमच्या गोधडीची सख्खी बहीण शोभते. तीही कडेपासून मध्याकडे शिवीत जातात व कोंपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांचें फूल बसवितात. कर्नाटकांतीलच सांडूर येथील लंबाणी भरतकामास भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. समुद्रापलीकडे अमेरिकेंत अलाबामा प्रांतांतील गीज बेंड या वस्तीतल्या, गुलामांच्या वंशांतील स्त्रियांनीं जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या केल्या. २००२ सालीं त्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि एका उपेक्षित वस्तीचा इतिहास त्यांच्याबरोबर लोकांपुढें आला.

परंतु आमच्या मतें सर्वांत बोधप्रद उदाहरण लंडनचें आहे. तेथील अनाथ अर्भकांच्या आश्रमांत मूल ठेवून घेतांना, पुढें ओळख पटावी म्हणून, त्याच्या अंगावरच्या कापडाचा एखादा तुकडा नोंदीच्या कागदास टांचून ठेवीत. १७४१ ते १७६० या काळांतील असे सुमारें ५,००० तुकडे आज शिल्लक असून, अठराव्या शतकांतील इंग्लंडच्या सामान्य लोकांच्या कापडाचा तेवढा मोठा संग्रह दुसरा नाहीं. या चिंध्यांस मोल कशानें आलें? कापड भारी होतें म्हणून नव्हे. प्रत्येक चिंधीजवळ एक दिनांक व एक नोंद होती म्हणून. नोंदीवांचून ती चिंधी मुकी. नोंद जोडली कीं ती साक्षीदार.

(७)

आमच्या सर्व विवेचनाचा निष्कर्ष एवढाच आहे, आणि तो आज सांगण्यास निमित्तही आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पोहरादेवी येथें बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. ज्या समाजास तीनशें वर्षें दुसऱ्यांच्या टिपणांत राहावें लागलें, त्यास आपली वस्तु आपल्या क्षेत्रीं ठेवण्यास जागा मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जुनें वस्त्र भिंतीवर टांगल्यानें इतिहास होत नाहीं. नमुना सुंदर दिसेल. पण कोणाचा, कोणत्या तांड्यांतला, कोणत्या सालचा, हें सांगणारी म्हातारी गेली म्हणजे तो सुंदर नमुना पुन्हां परकीय लेखकांच्या वर्णनाइतकाच मुका होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. रामनवमीस हजारों घरचीं माणसें पोहरादेवीस येतात. त्यांपैकीं ज्यांच्या घरीं जुनी गोधडी, टुकरी, फेटिया किंवा कोथळी आहे त्यांनीं ती देऊन टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती घरीं पांघरली जावी हेंच बरें. मात्र तिचें छायाचित्र घ्यावें, लांबी-रुंदी, थर व इंचांतील टांके मोजावे, आणि जिनें शिवली किंवा जिच्या आईनें शिवली तिच्याकडून तुकड्यातुकड्याची माहिती तिच्याच गोरबोलींत टिपून घ्यावी. हा तांबडा कोणाच्या लग्नांतला, ही किनार कोणत्या बाजारची, हें ठिगळ कोणत्या वर्षीं लाविलें. गोधडी धुवूं नये, उसवूं नये; कड विरून आंतला थर दिसत असेल तर तेवढाच पाहावा. आणि वरची गोधडी विरून नवी शिवावयाची वेळ आली, तर तिला नवीच्या पोटांत घालण्यापूर्वीं एवढी नोंद तरी करावी.

ही चौकशी पुरुष संशोधकानें वही घेऊन दारांत उभें राहून होणारी नव्हे. त्या तांड्यांतल्या शिकलेल्या लेकी-सुनांनींच ती हातीं घेतली पाहिजे; त्यांस सासू-आजीशेजारीं बसून सुई हातांत धरितां येते, आणि विचारलेल्या प्रश्नापेक्षां शिवतांना निघालेल्या गोष्टींत अधिक सांपडतें. राजवाडे दप्तरें शोधीत गांवोगांव फिरले त्या काळीं पुष्कळ कागद आधींच गेलेले होते. गोधडीच्या बाबतींत ती वेळ अद्याप पुरती आलेली नाहीं. ज्या स्त्रिया विटलेला तुकडा बोटाखालीं धरून त्याचा इतिहास सांगूं शकतात त्या आज हयात आहेत, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसण्यास सनदेची गरज नाहीं.